चोवीस पोरं, दोन डोंगर

अक्का,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं. वंदना झाली होती, बाया पांढऱ्या साड्यांचे पदर सावरून बसल्या होत्या, आणि दाजींनी माझ्याकडं पाहिलं. आपल्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं. बारसं असो नाही तर साखरपुडा, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "बापू, ती बैलाची सांग." मला दुसरं काही सुचलं नाही. मी बैलाचीच सांगितली.

चौथीत होतो मी. 'माझा आवडता प्राणी' काढून आणायचा होता, आणि तो तू काढून दिला होतास, आठवडाभर पाणी भरायचा तुझा वाटाही मी उचलीन या बोलीवर. गुरुजी इतके खूश झाले की तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी मला फळ्यापुढं उभं केलं. काढ रे तसाच. मी काढला. साहेबांनी मान तिरकी करून पाहिलं.

"बाज हाय का ही?"

"बैल हाय साहेब. बसलाय."

"मंग हे चार दांडे?"

"दोन शिंगं हायत. दोन पाय हायत."

"अन् बाकीचे दोन?"

"त्याच्या खाली हायत, साहेब."

लोक हसले. तुझी मोठी जाऊ तोंडाला पदर लावून हसली आणि त्याच पदरानं डोळे पुसायला लागली. मी खाली बसलो. शेजारी बसलेल्या कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, छान बोललास.

छान नाही बोललो, अक्का. जी सांगायची होती ती मी गिळली. बैलाची गोष्ट मला पाठ आहे, तिच्यात मी लहान आहे आणि बावळट आहे, आणि लहान बावळट पोराला सगळे माफ करतात. दुसऱ्या गोष्टीत मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. ती चारचौघांत सांगवली नाही. ती ऐकायला तूच पाहिजेस.

तुला आठवतं, तुझा पहिला वर्ग बघायला मी आलो होतो? शहराच्या कडेची ती मोठी शाळा, सहावी ते आठवीचे वर्ग, आणि तू तिथली अंशकालीन निदेशक. तुझ्या त्या पदाचं नाव मी घरात सगळ्यांना सांगत फिरलो होतो, कारण त्यात 'निदेशक' होतं. 'अंशकालीन'चा अर्थ आपल्याला नंतर कळला. ऑर्डर यायची, काही महिने चालायची, थांबायची. मग तू कोर्टात गेलेल्या तुझ्यासारख्याच निदेशक बायकांबरोबर तारखांना जायचीस, मग पुन्हा ऑर्डर यायची. दाजी म्हणायचे, हिची नोकरी म्हणजे आपल्या नळाचं पाणी. येतं तेव्हा भरून घ्यावं.

त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. वाटलं होतं, तू फळ्यावर कमळ काढशील आणि पोरं उतरवतील. तू खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडं बोट केलंस आणि म्हणालीस, "हात काखेत घाला." पन्नास पोरांनी हात काखेत घातले. "आता डोळ्यानं काढा. दहा मिनिटं पेन्सिलीला कुणी शिवायचं नाय." मला हसू आलं, आणि तू सगळ्या वर्गादेखत म्हणालीस, "मास्तर, तुमचेबी हात." मी हात काखेत घातले. तिसऱ्या मिनिटाला मला खाज सुटली. पाचव्या मिनिटाला लक्षात आलं की कडुनिंबाची एक फांदी बाकीच्यांपेक्षा काळी आहे, तिथं कधी तरी वीज पडली असावी. एवढंच. पण आजही मला ती फांदी दिसते, आणि त्या वर्षी मी माझ्या वर्गात काय शिकवलं ते काही केल्या आठवत नाही.

कागद तू शहागंजातून आणायचीस. करीमचाचांचा छापखाना, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापणारा. कागद कापून उरलेल्या पट्ट्या, ते त्यांना कटिंग म्हणतात, त्या चाचा रद्दीत घालायच्या ऐवजी तुझ्यासाठी बांधून ठेवायचे. वीतभर रुंद, हातभर लांब. म्हणून तुझ्या पोरांची चित्रं लांबच लांब असायची. त्यात गल्ल्या असायच्या, बकऱ्यांची रांग असायची, दोरीवर वाळत घातलेले कपडे असायचे. रंगांना तू कधी कुणाकडं हात पसरला नाहीस. खिचडीच्या चुलीतला कोळसा, फुटकी वीट, हळद, घेवड्याचा पाला. एकदा मी म्हणालो, "अक्का, गरिबीचं एवढं कौतुक नको करू, एक रंगपेटी मागून घे." तू म्हणालीस, "मागितली. चार येळा. पाचव्यांदा मागीपर्यंत पोरं आठवी पास व्हतील."

मग पट कमी झाला. सहावी ते आठवीत शंभर पोरं असतील तर चित्रकलेचा माणूस, नाही तर नाही. शेजारी इंग्रजी शाळा निघाली होती, बस दारात यायची. तुझ्या शाळेत दोन पोरं कमी पडली. तू ती दोन पोरं शोधायला वीटभट्ट्यांवर गेलीस, गारखेड्यातल्या बांधकामांवर गेलीस, उन्हाचं, पायी. एक मुलगी सापडली. तिचं नाव घालून घेतलंस, तिला स्वतःची जुनी बॅग दिलीस. घरी येऊन पायावर पाणी घेत म्हणालीस, "एक घावली, बापू. एक कमी पडलं." आणि हसलीस. त्या हसण्याला मी तेव्हा हसूनच साथ दिली. माझा स्वभावच तसा. कुणी रडायच्या बेतात असलं की मला विनोद सुचतो.

त्याच्या पुढच्या वर्षी मी तालुक्याच्या प्रशिक्षणाला गेलो आणि हातात फाइल घेऊन थेट तुझ्याकडं आलो, पेढे घेऊन यावं तसा. नवीन धोरण. प्रत्येक विषयात कला. गणितात कला, भाषेत कला, परिसर अभ्यासात कला. कला आता वेगळी नाही, सगळ्यांत मिसळलेली. मी जोरात वाचून दाखवलं. तू चहा गाळत होतीस.

"गणितात कला," तू म्हणालीस.

"व्हय."

"भाषेत कला."

"व्हय ना."

"अन् कलेत काय?"

मी फाइल चाळली. "कलेत... कलाच असंल की."

"ती कोण शिकवणार?"

"सगळेच. प्रत्येक शिक्षक."

तू माझ्याकडं पाहिलंस. माझा तो फळ्यावरचा बैल मधे येऊन बसला. मग दोघंही इतके हसलो की दाजी बाहेरून आत आले. हसणं थांबल्यावर तू फाइल घेतलीस आणि खरोखर वाचलीस, चष्मा लावून, शेवटपर्यंत. म्हणालीस, "लिहिलंय ते लई चांगलं हाय. माझ्या मनातलं हाय. पण मीठ सगळ्या भाज्यांत पडतं म्हणून मिठाचा डबाच घरात नको, असं कसं? डबा असंल तर पडंल ना."

त्यावर मी दोन तास वाद घातला. म्हणालो, तू फक्त तुझ्या पोस्टपुरतं बघतीस. ज्या शाळांत कधीच चित्रकलेचा शिक्षक नव्हता, माझ्यासारख्या दोन शिक्षकांच्या शाळांत, तिथं तरी यानं काही येईल. यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. तू म्हणालीस, "आण ना मग. तुझ्या शाळेत तू आण. मी बघाया येते." मी म्हणालो, आणतो. तो शब्द मी दिला होता, चहाच्या दुसऱ्या कपावर. तो तू कधी विसरली नाहीस आणि मी दुसऱ्या दिवशी विसरलो.

माझी शाळा तुला माहीत आहे. पिशोरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. दोन खोल्या, एक व्हरांडा, दोन शिक्षक. एक मी आणि एक मुख्याध्यापक, ज्यांना मुख्य व्हायला माझ्याशिवाय कुणी नाही. माझ्याकडं तिसरी ते पाचवी, एकाच खोलीत चोवीस पोरं. वेळापत्रकात भिंतीवर 'चित्रकला' आहे, हिरव्या शाईत, अक्षर माझंच. त्या तासाला मी शिष्यवृत्तीची गणितं घेतो, नाही तर कुठली तरी माहिती भरत बसतो. पोरांना सांगतो, चित्र काढा रे गुपचूप. 'गुपचूप' हाच त्यातला अभ्यासक्रम.

आणि मग मागच्या एप्रिलमधला तो रविवार. मी नोंदवही घेऊन तुझ्याकडं आलो होतो, कारण तुझ्याकडं कूलर होता. वर्षअखेरीला प्रत्येक पोराच्या प्रत्येक विषयापुढं एक वाक्य लिहायचं असतं, त्याला काय येतं याचं. चोवीस पोरं, आठ विषय. अशी वाक्यं आयती मिळतात; मोबाइलवर याद्या फिरतात, कलेची वेगळी, खेळाची वेगळी. आम्ही सगळे त्यातून उतरवतो. मी कुणाला नावं ठेवत नाही, मी स्वतः यादीत सुधारणा करून पुढं पाठवलेली आहे.

तू मदतीला बसलीस. मी लिहायचो, तू मोठ्यानं वाचायचीस आणि दाजींना हसवायचीस. "समर्थ, चित्राचे सुंदर वर्णन करतो. कुणाच्या चित्राचं रे? तुझ्या बैलाचं?" "अंजली, मातीकामात रुची घेते. चिखलात खेळती म्हण की." मीही हसत होतो. मग तू वाचलंस, "कोमल. रंगांची निवड विचारपूर्वक करते."

तू थांबलीस. "कोण रे ही? कोणते रंग निवडती?"

तुझ्या आवाजात थट्टा नव्हती. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. तुला वाटलं, शेवटी बापूच्या शाळेत कुणीतरी सापडलं.

मला खोटं बोलता आलं असतं. उष्म्यानं म्हण, आळसानं म्हण, खरं बोललो. "ती नाय आता. दिवाळीपासून नाय. आई-बापासंगं ऊसतोडीला गेलीय, साताऱ्याकडं कुठंतरी."

तू वही मिटलीस. "लेकरू वर्गात नाय," तू हळू म्हणालीस, "अन् तू तिच्या नावानं रंग निवडले."

"अक्का, सगळे असंच करतात."

"सगळ्यांला भाऊ म्हणत नाय मी."

मग मी ते बोललो. तू ऐकलेलंच आहेस, तुझ्यापासून काय लपवू. मी म्हणालो, "तुला माझ्या वहीचा राग नाय. पोस्ट तुझी गेली, माझी नाय गेली, त्याचा राग हाय."

तू उठून आत गेलीस आणि मला जेवायला वाढलंस. येसराची आमटी होती. दोन भाकरी वाढल्यास, वर कांदा फोडून दिलास. त्या दोन भाकरी खाण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. जाताना दारात म्हणालीस, "वही राहिली," आणि आणून दिलीस. कोमलचं पान दुमडलेलं होतं.

त्यानंतर आपण नीट बोलायला लागलो, आखाडात तू धपाटे पाठवलेस, मी दसऱ्याला येऊन गेलो. पण ते वाक्य तसंच पडून राहिलं, पाहुणे आल्यावर कॉटखाली सरकवलेल्या पसाऱ्यासारखं. माफी मागायला मी तीनदा आलो आणि तिन्ही वेळा बैलाची गोष्ट सांगून गेलो.

दिवाळीनंतर तुझ्या पोटातली गाठ सापडली. त्याबद्दल काही लिहीत नाही. तुझा दवाखाना, तुझ्या नळ्या, दाजींचा डबा, ते सगळं दाजींचं आहे. माझ्याकडं फक्त जानेवारीतली एक दुपार आहे. तू उशीला टेकून बसली होतीस आणि म्हणालीस, "बापू, तुझ्या पोरांची चित्रं आण ना. मला येऊन बघायचं व्हतं. आता यायचं जमंना."

मी म्हणालो, "त्यात काय, उद्या आणतो." अगदी ढिगारा घरी पडलेला असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो, फळ्यावर दोन डोंगर काढले, मधून उगवता सूर्य, खाली नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड. म्हटलं, उतरवा. पोरांनी उतरवलं. अर्ध्या तासात चोवीस चित्रं. पुरावा लागतो म्हणून फोटोही काढून वर पाठवला, तो लगेच मंजूर झाला. संध्याकाळी चित्रं घेऊन मी दवाखान्यात.

तू एकेक पाहिलंस. मला वाटलं होतं वरची दोन-चार चाळशील. तू चोवीसच्या चोवीस पाहिलीस, खालचं नाव वाचून. कोमलच्या नावावर थांबलीस. "आली का ही?"

"व्हय. यंदा आजीपाशी ठेवलीय तिला."

तू मान हलवलीस. सगळे कागद पुन्हा रचून, कडा जुळवून माझ्या हातात दिलेस. मी वाट बघत होतो की तू रागावशील. तू अगदी बारीक हसलीस.

"चोवीस पोरं, बापू. अन् डोंगर दोनच?"

मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. तू हातानं थांबवलंस. "तुझ्या वर्गाच्या खिडकीतून डोंगर दिसतो ना? कसाय तो?"

अक्का, अकरा वर्षं मी त्या खिडकीला पाठ करून उभा आहे. मी म्हणालो, "कसा म्हंजी, डोंगरासारखा."

"टोकदार हाय?"

मला सांगता येईना. खरंच येईना. एक लांबशी काहीतरी आडवी आकृती डोळ्यापुढं येत होती आणि पुसली जात होती.

"बघून सांग," तू म्हणालीस. "घाई नाय. येत्या शनवारी पोरांला भाईर ने. हात काखेत घाला म्हण. मग मला येऊन सांग डोंगर कसाय."

तू घाई नाही म्हणालीस. मी तेवढंच ऐकलं. पहिल्या शनिवारी मतदारयाद्यांचं काम होतं. दुसऱ्या शनिवारी पोरांचे आधार दुरुस्त करायला पिशोरला जायचं होतं. तिसऱ्या शनिवारी काहीच नव्हतं, अक्का. तिसऱ्या शनिवारी मला वाटलं, धुकं आहे, पुढच्या खेपेला काढू. पुढच्या शुक्रवारी सकाळी दाजींचा फोन आला.

तुझं सगळं झाल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी, मी शहागंजात गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. कागद पाहिजे, एवढं डोक्यात होतं. करीमचाचा यंत्रापाशी बसले होते. मी नाव सांगायच्या आत त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. नाक आपलं दोघांचं एकच.

"मास्तर तुम?"

"जी."

ते उठले, आतून एक गठ्ठा घेऊन आले. सुतळीनं बांधलेला, लांब पट्ट्यांचा. वर धूळ होती, ती त्यांनी बाहीनं पुसली. "आपा दवाखाने से फोन करे थे. बोले, मेरा भाई आता शनिवार को, मास्तर है, उसको लंबी वाली कटिंग देना. डोंगर निकालनेका बोलके." मग म्हणाले, "तीन शनिवार बाहर निकालके रख्या मैं. फिर अंदर रख दिया."

मी पैसे काढायला खिशात हात घातला तर ते दुसरीकडं बघायला लागले. मी हात बाहेर काढला. ते म्हणाले, "आपा कैसे हैं अब?"

त्यांना कळलेलं नव्हतं, अक्का. मी तिथं, त्या शाईच्या वासात, उभ्याउभ्या सांगितलं. ते स्टुलावर बसले. यंत्र बंद होतं, बाहेर एक माणूस खजूर विकत होता. मग ते म्हणाले, "ले जाव. बच्चे राह देखते होएंगे."

पोरं कसली वाट बघतात. वाट तर तू बघत होतीस.

त्या शनिवारी मी पोरांना बाहेर नेलं. व्हरांड्याच्या पुढं, हापशाच्या बाजूला, तिथून डोंगर सबंध दिसतो. खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून कोळसे आणि थोडी राख घेतली. त्या म्हणाल्या, "सर, कशाला? दात घासायला?" मी म्हणालो, चित्रकलेला. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग हळदही दिली. विटांचे तुकडे पोरांनी जमवले. मी पट्ट्या वाटल्या आणि म्हणालो, "हात काखेत घाला."

पोरं हसली. समर्थ म्हणाला, "सर, थंडी नाय वाजत आमाला."

"मलाबी नाय वाजत," मी म्हणालो, आणि माझे हात काखेत घातले.

दहा मिनिटं. पंचवीस माणसं हात काखेत घालून डोंगराकडं तोंड करून बसलेली. रस्त्यावरून एक दुधवाला गेला, त्यानं गाडी हळू केली, बघितलं आणि वेग वाढवून निघून गेला; त्याला वाटलं असणार शिक्षा चाललीय. मुख्याध्यापक फोटो काढायला बाहेर आले. मी त्यांना म्हणालो, सर, जरा नंतर. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

आता ऐक. डोंगर टोकदार नाही. तो वरून सपाट आहे, सुरीनं कापल्यासारखा. उजवीकडं तो पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो, तीन मोठ्या पायऱ्या, आणि मधल्या पायरीवर झाडांची एक ओळ आहे, ती काळसर दिसते. डावीकडं मधेच एक खाच आहे. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. आणि एकदा बघितल्यावर कळतं की तो एक नाहीच, मागं दुसरा आहे, निळा, आणि त्याच्यामागं आणखी. अंजली म्हणाली पाच आहेत. समर्थ म्हणाला सात. मी मोजत होतो आणि माझं सारखं चुकत होतं, कारण डोळ्यात पाणी आलं की दोनाचे चार दिसतात.

तुझ्या पट्ट्यांवर डोंगर अगदी बरोबर बसतो, अक्का. त्या पट्ट्यांची चित्रं लांब होतात म्हणून मी तुला हसायचो. पण या मुलखातले डोंगर लांबच आहेत. चौकोनी कागदावर त्यांना टोक आणावं लागतं.

जाता-जाता ते वाक्य. तुला माझ्या वहीचा राग होता. वहीचाच होता, पोस्टचा नव्हता. हे मला मी बोलत होतो तेव्हाही माहीत होतं. माझं पोट भरलेलं होतं आणि माझी जागा पक्की होती, म्हणून मी तुला तसं बोलू शकलो. मला माफ कर. दारात वही आणून दिलीस तेव्हा एवढंच म्हणायचं होतं.

पोरं काढायला लागली. कुणी कोळशानं सुरुवात केली, कुणी थुंकी लावून विटेनं. कोमल मात्र काढेना. मागच्या वर्षी जी नव्हती ती ही, नऊ वर्षांची, दोन वेण्या, एका वेणीला रिबीन नाही. तिनं पुढ्यात विटेचे चार तुकडे मांडले होते. एक उचलायची, डोंगराकडं धरायची, एक डोळा मिटून बघायची, खाली ठेवायची. दुसरा उचलायची. मी जवळ जाऊन बसलो.

"काय झालं गं?"

"ह्यो लाल लई लाल हाय, सर. अन् ह्यो नारंगी. डोंगर मधला हाय."

"मग?"

"थांबा ना."

मी थांबलो. तिनं एक तुकडा दगडावर घासला, थोडी हळद घेतली, मग राख घेतली, तळहातावर कालवलं आणि पुन्हा डोंगराकडं हात धरला. मान हलवली. आणखी राख घातली. घंटा व्हायची वेळ झाली होती. मी मुख्याध्यापकांकडं हात करून खूण केली, थांबा.

काल वर्षाच्या नोंदी लिहायला बसलो. मोबाइलवर नवी यादी आली आहे, तीत यंदा वाक्यं जास्त आहेत. ती मी उघडली नाही. समर्थला काय येतं, अंजलीला काय येतं, ते आठवून लिहायला तीन तास लागले आणि सहा पोरांपुढची जागा कोरी राहिली, कारण त्यांच्याकडं मी अजून पाहिलेलंच नाही. ती तशीच ठेवली आहे. उरलेल्या शनिवारांत बघेन.

कोमलचं नाव आल्यावर मागच्या वर्षीची वही काढली. पान अजून दुमडलेलं आहे, तू दुमडलं होतंस तसंच. ते उघडून शेजारी ठेवलं आणि यंदाच्या वहीत, एक अक्षरही न बदलता, हळूहळू उतरवून काढलं:

कोमल. रंगांची निवड विचारपूर्वक करते.